स्वदेशी रंगांतील भक्ति

देव परक्या वेषांतच ओळखावयाचा, अशी सवय एकदां जडली म्हणजे तो आपल्या अंगणांत येऊन उभा राहिला तरी त्यास कोणी ओळखीत नाहीं. गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांचें चरित्र हा याचा ठळक दाखला आहे. ते ख्रिस्ती होते. पण त्यांच्यावर आलेला प्रसंग लोहाऱ्यांतील सर्व धर्मांच्या वाचकांनीं ध्यानांत घेण्याजोगा आहे.

फोन्सेका यांचा जन्म १९०२ सालीं गोव्यांतील सांतु इस्तेव्ह येथें झाला. वैद्यकी शिकण्यास ते मुंबईस आले. परंतु तो मार्ग सोडून जे. जे. कलाशाळेंत गेले. तेथील युरोपीय धर्तीच्या शिकवणीनें त्यांचें समाधान झालें नाहीं. तेव्हां त्यांनीं शांतिनिकेतन गांठलें, आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बसू यांच्या हाताखालीं जलरंगाची देशी पद्धति आत्मसात केली. अजिंठ्याचीं भित्तिचित्रें व मोगल लघुचित्रें हे त्या पद्धतीचे आदर्श होत.

१९३१ च्या सुमारास ते गोव्यास परतले. त्यांच्या चित्रांतील मेरी सांवळी, लुगडें नेसलेली. येशू भारतीय साधूसारखा. हें पाहून तेथील धर्माधिकारी व प्रतिष्ठित मंडळी संतापली. वास्तविक येशूचा जन्म आशिया खंडांतला. युरोपच्या चित्रकारांनीं त्यास गोरा रंग व आपल्या देशचा पेहराव दिला, तेव्हां कोणाचा धर्म बुडाला नाहीं. गोमंतकीयानें त्यास आपल्या मातीचा रंग दिला, तेव्हां मात्र बुडाला! अखेर फोन्सेका यांस जन्मभूमि सोडणें भाग पडलें.

त्यांस आश्रय मिळाला तो पुण्यांत, इंग्रज धर्मोपदेशक जॅक विन्स्लो यांच्या पुढाकारानें उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती आश्रमांत. आश्रम अँग्लिकन पंथाचा, फोन्सेका रोमन कॅथोलिक. तरी पंथभेद आड आला नाहीं. मुंबईचे इतिहाससंशोधक फादर हेरास यांनींही त्यांची कदर केली. १९६३ सालीं व्हॅटिकन परिषदेनें सर्व देशांच्या कलेस उपासनामंदिरांत स्थान असल्याचें मान्य केलें. जें फोन्सेका तीन दशकें करीत आले होते, त्यास धर्मपीठाची अशी संमति मिळाली. चार वर्षांनीं, १९६७ सालीं, पुण्यांत त्यांचें निधन झालें. त्यांच्या पत्नीनें चित्रें जिवापाड जपलीं, व पुढें त्यांचा मोठा संग्रह गोव्यांतील पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राच्या स्वाधीन झाला. ज्या भूमीनें चित्रकारास घालविलें, तिनेंच अखेर चित्रें सांभाळलीं.

असो. गोव्यास हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आमच्या गांवोगांवच्या देवळांत जुन्या कोरीव दगडांवर तेलरंगाचे थर चढतात, त्यालाच जीर्णोद्धार म्हणतात, आणि पिढीजात कारागीर कामावांचून बसतो. व्यापारी बंधूंनीं जीर्णोद्धाराची वर्गणी देतांना दोनच प्रश्न विचारावे: जुनें काम तसेंच राखणार काय, आणि नवें काम येथल्या कारागिरास देणार काय? गुणी माणसाची कदर त्याच्या हयातींत झाली पाहिजे. पश्चात् केलेला गौरव त्याच्या कोणत्या उपयोगाचा?