लिंकनला बाल्टिमोरपार नेणारा माणूस

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाभोवती आज सरकारी संरक्षणाचा जो कोट उभा असतो, तो पाहिलेल्या वाचकाला एक गोष्ट सहसा पटणार नाही. १८६० साली निवडून आलेल्या अब्राहम लिंकनला राजधानीपर्यंत जिवंत पोहोचविण्याची जबाबदारी कोणत्याही सरकारी खात्याकडे नव्हती. ती पार पाडली एका खाजगी गुप्तहेर कचेरीने, आणि त्या कचेरीला पाचारण केले होते एका रेल्वे कंपनीने. या कचेरीचा मालक म्हणजे ॲलन पिंकर्टन. कामगार चळवळीचा इतिहास वाचणाऱ्यांना हे नाव संप मोडणाऱ्यांच्या यादीत भेटते, तर हेरकथांच्या वाचकांना साहसी नायकाच्या वेषात भेटते. दोन्ही ओळखी खोट्या नाहीत, पण एकाच आयुष्यात त्या दोन्ही कशा मावल्या, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला अधिक कुतूहलाचा वाटतो.

पिंकर्टनचा जन्म २५ ऑगस्ट १८१९ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या गॉर्बल्स या गरीब वस्तीत झाला. लाकडी पिंपे बनविण्याचा धंदा तो शिकला आणि ऐन तारुण्यात चार्टिस्ट चळवळीत ओढला गेला. सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार, गुप्त मतदान, पार्लमेंटच्या सभासदांना वेतन या त्या चळवळीच्या मागण्या आज कोणालाही साध्या वाटतील. त्या काळच्या सत्ताधाऱ्यांना मात्र त्यात राजद्रोह दिसत होता. चळवळ दडपली गेली. १८४२ साली नुकतेच लग्न झालेल्या पत्नीसह पिंकर्टनने मायदेश सोडला. म्हणजे पुढे ज्याच्या नावाने अमेरिकेतील संपकरी कामगार बोटे मोडणार होते, तो स्वतः हाताला घट्टे पडलेला, हक्कांसाठी लढलेला कारागीर होता.

शिकागोपासून काही अंतरावर, फॉक्स नदीकाठच्या डंडी या गावी त्याने पिंपांचा कारखाना थाटला. नदीतल्या एका बेटावर लाकूड तोडायला गेला असता तेथे विस्तवाच्या खुणा दिसल्या. पाळत ठेवल्यावर बनावट पैसे तयार करणारी टोळीच हाती लागली. योगायोग म्हणून ही हकीगत सांगितली जाते. परंतु तिच्यामागे तत्कालीन चलनव्यवस्थेचा गोंधळ होता, हे सहसा कोणी सांगत नाही. त्या काळी अमेरिकेत मध्यवर्ती सरकारच्या कागदी नोटा नव्हत्या. शेकडो बँका आपापल्या नोटा काढीत, आणि शंभर मैलांवरच्या बँकेची नोट खरी की खोटी हे दुकानदाराला कळण्याचा मार्ग नसे. अशा व्यवस्थेत बनावट नोटांचे पीक येणार आणि ते शोधून काढणाऱ्याला मागणी येणार, हे ओघानेच आले.

दुसरी मागणी रेल्वेने निर्माण केली. पोलिसाचा अधिकार शहराच्या वेशीशी संपे; आगगाडी मात्र एका दिवसात दोन राज्ये ओलांडी. चोर गाडीने पळत होता आणि पोलीस वेशीवर थांबत होता. शिकागोच्या पोलीस दलातील अल्पकाळाच्या नोकरीनंतर १८५० च्या सुमारास पिंकर्टनने स्वतःची कचेरी काढली, ती ही पोकळी भरून काढण्यासाठी. १८५५ पासून इलिनॉयमधील रेल्वे कंपन्या त्याच्या कायम गिऱ्हाइक झाल्या. दरोडेखोर पकडणे हा त्या कामाचा एक भाग. तिकिटाचे पैसे खिशात घालणाऱ्या कंडक्टरांवर पाळत ठेवणे हा दुसरा, आणि नोकरवर्गाशी त्याचे वैर येथूनच सुरू झाले. त्या गिऱ्हाइकांपैकी इलिनॉय सेंट्रल कंपनीच्या वतीने न्यायालयात उभा राहणारा एक वकील होता लिंकन, आणि तिचा एक वरिष्ठ अधिकारी होता जॉर्ज मॅकलेलन. या दोघांची गाठ पुढे फार निराळ्या परिस्थितीत पडायची होती.

पिंकर्टनच्या बाजूने एक गोष्ट निःशंकपणे नोंदविली पाहिजे. गुलामगिरीविषयी त्याचा संताप धंदेवाईक नव्हता. पळून आलेल्या गुलामांना त्याच्या घरात आसरा मिळे, आणि हे तेव्हाच्या कायद्याने गुन्हा होते. मार्च १८५९ मध्ये जॉन ब्राउन मिसुरीतून सोडविलेल्या गुलामांचा जथा घेऊन शिकागोत आला, तेव्हा पिंकर्टनने वर्गणी जमवली आणि त्यांना डेट्रॉइटकडे नेण्यासाठी रेल्वेचा डबाही मिळवून दिला. ज्या मुक्तिसंग्रामाच्या गौरवार्थ महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील लोकांना अर्पण केले, त्या संग्रामातला हा एक लहानसा वाटा होय.

नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आला तो चाळीस टक्क्यांहून कमी मते घेऊन. त्याने शपथ घेण्यापूर्वीच दक्षिणेची सात राज्ये फुटून निघाली होती आणि त्यांनी आपला निराळा अध्यक्षही नेमला होता. ११ फेब्रुवारी १८६१ रोजी लिंकन स्प्रिंगफील्डहून निघाला. ठिकठिकाणी सभा घेत, लोकांना दर्शन देत राजधानीला जायचे, असा तो दौरा होता. कोणत्या गावी गाडी किती वाजता पोहोचणार, हे सगळे वर्तमानपत्रांत आधीच छापले जात होते. शेवटचा टप्पा होता मेरिलँड राज्यातील बाल्टिमोर. मेरिलँडमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती, आणि त्या राज्यातून लिंकनला जेमतेम अडीच टक्के मते मिळाली होती.

बाल्टिमोरची अडचण केवळ मतांची नव्हती, रुळांची होती. शहरातून आरपार जाणारी आगगाडीच नव्हती. फिलाडेल्फियाकडून आलेल्या प्रवाशांचे डबे प्रेसिडेंट स्ट्रीट स्थानकावर इंजिनापासून सोडून, घोडे जुंपून, सुमारे मैलभर अंतर रस्त्याने ओढीत कॅमडेन स्थानकावर न्यावे लागत. जाहीर कार्यक्रमाप्रमाणे लिंकन हॅरिसबर्गकडून कॅल्व्हर्ट स्ट्रीट या तिसऱ्याच स्थानकावर उतरणार होता आणि तेथून उघड्या रस्त्याने घोडागाडीतून कॅमडेनला जाणार होता. म्हणजे गर्दीत मिसळून काही करू पाहणाऱ्याला यापेक्षा सोयीची जागा शोधूनही सापडली नसती.

फिलाडेल्फिया ते बाल्टिमोर मार्गाच्या रेल्वे कंपनीचा अध्यक्ष सॅम्युएल फेल्टन याला प्रथम चिंता होती ती आपल्या पुलांची आणि सस्क्वेहॅना नदीवर गाड्या पार नेणाऱ्या बोटीची. ते जाळले जातील, अशी कुणकुण होती. त्याने पिंकर्टनला बोलाविले. पिंकर्टन दक्षिणेतील शेअर दलालाच्या बतावणीने बाल्टिमोरात कचेरी थाटून बसला. त्याची माणसे दक्षिणेच्या बाजूच्या स्वयंसेवक पलटणींत आणि गुप्त मंडळ्यांत शिरली. टिमथी वेब्स्टर घोडदळाच्या एका तुकडीत भरती झाला. १८५६ साली नोकरीस घेतलेली, अमेरिकेतील पहिली स्त्री गुप्तहेर म्हणून प्रसिद्ध असलेली केट वॉर्न शहरातील घराण्यांच्या स्त्रियांत वावरू लागली. पुलांचा तपास करता करता बातमी हाती आली ती खुनाच्या कटाची. बार्नम हॉटेलात केस कापण्याचे दुकान चालविणारा, मूळचा कॉर्सिकाचा सिप्रियानो फेरांदिनी हा त्याचा सूत्रधार. स्थानकाच्या अरुंद वाटेवर बनावट दंगल उडवून द्यायची, पोलीस तिकडे धावले की गर्दीत काम उरकायचे, असा बेत होता.

२१ फेब्रुवारीच्या रात्री फिलाडेल्फियातील हॉटेलात पिंकर्टनने लिंकनची भेट घेतली आणि त्याच रात्री निघण्याचा आग्रह धरला. लिंकनने नकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वातंत्र्य सभागृहावर ध्वज उभारायचा होता आणि त्यानंतर हॅरिसबर्गच्या विधिमंडळाला भेट द्यायची होती. ती वचने तो मोडणार नव्हता. त्याच रात्री सिनेटर सेवर्ड यांचा मुलगा वॉशिंग्टनहून निराळा इशारा घेऊन आला. न्यूयॉर्क पोलिसांच्या हेरांनी, पिंकर्टनचा पत्ताही नसताना, बाल्टिमोरातून तीच बातमी काढली होती. परस्परांना न ओळखणारे दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत आहेत, हे पाहून या वकिलाचे मन वळले. पुरावा तोलण्याची ही रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे तिचाच विसर पडला.

२२ तारखेच्या संध्याकाळी हॅरिसबर्गच्या मेजवानीतून लिंकन उठला. नेहमीच्या उंच टोपीऐवजी मऊ टोपी घालून, सोबत वॉर्ड लेमन या सशस्त्र मित्राला घेऊन तो खास गाडीने फिलाडेल्फियाला परतला. ही वार्ता पुढे जाऊ नये म्हणून हॅरिसबर्गच्या तारा तोडण्यात आल्या होत्या. फिलाडेल्फियात केट वॉर्नने आजारी भावासाठी म्हणून रात्रीच्या गाडीतील शयनाच्या डब्याचा मागचा भाग राखून ठेवला होता. गाडी लिंकन पोहोचेपर्यंत थांबवून धरायची कशी? फेल्टनने कंडक्टरला हुकूम दिला होता की, महत्त्वाचे एक पुडके आल्याखेरीज गाडी सोडायची नाही. त्या पुडक्यात होते कंपनीचे जुने, निरुपयोगी अहवाल. रेल्वेच्या वार्षिक अहवालांचा याहून मोठा उपयोग माझ्या तरी वाचनात नाही. मार्गावर ठिकठिकाणी पिंकर्टनची माणसे कंदील दाखवून रस्ता सुरक्षित असल्याची खूण करीत होती. पहाटे साडेतीनला गाडी बाल्टिमोरात आली. डबा घोड्यांनी ओढीत निजलेल्या शहरातून कॅमडेनला नेला, आणि सहाच्या सुमारास लिंकन वॉशिंग्टनच्या स्थानकावर उतरला.

बक्षीस मिळाले ते उपहासाचे. स्कॉटिश टोपी आणि लांब झगा घालून अध्यक्ष पळाला, अशी कपोलकल्पित बातमी छापली गेली आणि व्यंगचित्रकारांना पर्वणी लाभली. लिंकनलाही या गुप्त प्रवासाचा पुढे पश्चात्ताप झाला, असे म्हणतात. खुद्द लेमनने नंतर कट थोतांड होता असे लिहिले. कोणावरही खटला भरला गेला नाही, त्यामुळे शंकेला जागा राहिली. माझ्या मते शंका घेणाऱ्यांनी १९ एप्रिल १८६१ चा दिवस विचारात घ्यावा. युद्ध सुरू होऊन आठवडा झाला होता. मॅसॅच्युसेट्सची सहावी पलटण त्याच प्रेसिडेंट स्ट्रीटहून त्याच कॅमडेनकडे, तशाच घोडे जुंपलेल्या डब्यांतून जात असता जमावाने तिच्यावर हल्ला केला, आणि चार सैनिक व बारा नागरिक प्राणास मुकले. केशकर्तनकाराच्या कटातील तपशील कदाचित फुगलेले असतील. शहरातील दारूगोळा खरा होता.

युद्ध सुरू झाल्यावर मॅकलेलन सेनापती झाला आणि त्याने पिंकर्टनला हेरखात्याचा प्रमुख करून बरोबर घेतले. येथे त्याच्या कीर्तीला ग्रहण लागले. शत्रूकडून फुटून आलेले सैनिक, कैदी आणि पळून आलेले गुलाम यांच्या जबान्यांवरून तो शत्रुसैन्याची मोजदाद करी, आणि संशयाला जागा म्हणून आकडा वाढवून धरी. जून १८६२ मध्ये रिचमंडपुढे उभ्या असलेल्या शत्रूची संख्या एक लाख ऐंशी हजारांवर असल्याचा अंदाज त्याने दिला. मॅकलेलनने दोन लाख धरले. जनरल लीजवळ प्रत्यक्षात नव्वद हजारांच्या आसपासच माणसे होती. फुगवट्याची सवय मॅकलेलनला पिंकर्टनच्याही आधीपासून होती, हे खरे. परंतु बातमी विकत घेणाऱ्याला कोणता आकडा हवा आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असले, म्हणजे काय होते, याचे असे ढळढळीत उदाहरण क्वचितच मिळेल. फिलाडेल्फियाच्या रात्री दुसरा स्वतंत्र साक्षीदार होता. रिचमंडपुढे तो कोणी शोधलाच नाही. सेनापती कचरत राहिला आणि युद्ध लांबले.

त्याच वर्षी पिंकर्टनचा सर्वांत कसबी हेर टिमथी वेब्स्टर रिचमंडमध्ये आजारी पडला. त्याचा शोध घेण्यासाठी पिंकर्टनने दोन माणसे धाडली. ती ओळखली गेली, आणि त्यांच्यामुळे वेब्स्टर पकडला गेला. २९ एप्रिल १८६२ रोजी त्याला फाशी देण्यात आले. नोव्हेंबरात लिंकनने मॅकलेलनला दूर केले, तेव्हा पिंकर्टननेही सैन्य सोडले. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री फोर्डच्या नाट्यगृहात लिंकनच्या रक्षणासाठी नेमलेला एकुलता एक शिपाई आपल्या जागेवर नव्हता. लिंकनचे शव घेऊन निघालेल्या गाडीचा पहिला मुक्काम होता बाल्टिमोर.

युद्धानंतरचा पिंकर्टन फारसा प्रिय वाटत नाही. १८६९ साली त्याला पक्षाघाताचा झटका आला. १८७१ च्या शिकागोच्या आगीत कचेरीची दप्तरे जळाली. बाल्टिमोर प्रकरणाची कागदपत्रे वाचली, कारण त्यांच्या नकला लिंकनच्या जुन्या वकिली भागीदाराने चरित्रासाठी करून घेतल्या होत्या. कचेरी मात्र वाढतच होती. जेसी जेम्सच्या मागावर असलेल्या त्याच्या माणसांनी जानेवारी १८७५ मध्ये त्याच्या आईच्या घरात स्फोटक फेकले. दरोडेखोर निसटला होता. त्याचा लहान सावत्र भाऊ मेला आणि आईचा हात गेला. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसाखाणींत 'मॉली मॅग्वायर' या आयरिश गुप्त मंडळीत पिंकर्टनचा हेर शिरला, तो रेल्वे व खाणींच्या मालकाने पैसे मोजले म्हणून. त्याच्या साक्षीचा आधार घेऊन चाललेल्या खटल्यांनंतर वीस माणसे फासावर गेली. हेर खाजगी, अटक करणारे कंपनीचे पोलीस, आणि काही खटल्यांत फिर्यादीच्या बाजूने उभा राहिलेला वकील म्हणजे खुद्द कंपनीचा अध्यक्ष! सरकारकडे उरले ते न्यायासन आणि फास. जुना चार्टिस्ट आपल्या पुस्तकांतून सांगत राहिला की, आपला विरोध गुन्हेगारांना आहे, कामगारांना नाही. तो हे प्रामाणिकपणे मानीत असावा. परंतु गुन्हा कशाला म्हणायचे हे ठरविणारा गिऱ्हाईकच होता.

१ जुलै १८८४ रोजी शिकागोत पिंकर्टनचे निधन झाले. धंदा मुलांनी पुढे चालविला. ६ जुलै १८९२ रोजी होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातील संप मोडण्यासाठी तीनशे पिंकर्टन शिपाई नदीतून पडावांवर बसून आले. काठावरच्या कामगारांशी दिवसभर झालेल्या चकमकीत सात कामगार आणि तीन शिपाई ठार झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला की, पिंकर्टन कचेरीच्या किंवा तशा कोणत्याही संस्थेच्या नोकरास सरकारने कामावर घेऊ नये.