आमोस आणि राष्ट्रांचा न्याय

व्यक्तीप्रमाणेच राष्ट्रालाही आपल्या कृत्यांचा जाब द्यावा लागतो, हा विचार ज्यांनी प्रथम निर्भीडपणे मांडला त्यांत आमोस या हिब्रू संदेष्ट्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. तो ना राजकुळातला, ना पुरोहितकुळातला. जेरुसलेमच्या दक्षिणेस रखरखीत डोंगरकडेला वसलेले तकोवा हे त्याचे गाव. मेंढरे राखणे व रानउंबरांची निगा राखणे हा त्याचा चरितार्थ.

काळ इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्याचा. दक्षिणेस यहूदाच्या गादीवर उज्जीया होता, तर उत्तरेस इस्राएलच्या गादीवर दुसरा यराबाम. दिमिष्क दुबळे झाले होते, अश्शूरचा जोर तात्पुरता ओसरला होता. साहजिकच उत्तरेच्या राज्याच्या सीमा विस्तारल्या आणि व्यापार फोफावला. शोमरोन या राजधानीच्या उत्खननात विसाव्या शतकात हस्तिदंती नक्षीकामाचे शेकडो तुकडे निघाले. तेव्हा आमोसाने वर्णिलेली श्रीमंती ही काही कविकल्पना नव्हे. पण त्याच राज्यात वजनमापे खोटी होती, वेशीवरचा न्याय लाच देणाऱ्याच्या पदरात पडत होता आणि जोडाभर वहाणांच्या किमतीत गरीब माणूस विकला जात होता.

आमोस उत्तरेत गेला तो हे सांगण्यास. मात्र त्याच्या ग्रंथाचा आरंभ इस्राएलपासून होत नाही. प्रथम पाळी येते दिमिष्काची, मग गज्जा, सोर, अदोम, अम्मोन व मवाब यांची. यांतील काही भाग नंतरच्या काळातील असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. पण सर्व आरोपांचा रोख एकच आहे. परराष्ट्रांवर मूर्तिपूजेचा ठपका नाही. गज्जाने वस्त्यांच्या वस्त्या गुलाम म्हणून विकल्या, अम्मोनने सीमा वाढविण्यासाठी गर्भवती स्त्रियांची पोटे चिरली, हे गुन्हे. मवाबचा अपराध तर अदोमच्या राजाची हाडे जाळण्याचा. यात इस्राएलचे काडीचेही नुकसान नव्हते! तरीही आमोस त्याची दखल घेतो, आणि माझ्या मते त्याचे सारे मोठेपण येथे आहे. शेजाऱ्यांची पापे ऐकून श्रोत्यांनी माना डोलावल्या असतील. तोच यहूदाकडे वळलेले बोट अखेर इस्राएलवर येऊन स्थिरावते, आणि तेथे ते सर्वांत अधिक काळ रोखलेले राहते. ईश्वराने निवडलेली प्रजा म्हणून सवलत नव्हे, उलट जबाबदारी अधिक. मिसरातून आपली सुटका झाली या इस्राएलच्या अभिमानालाही त्याने धक्का दिला: पलिष्टी आणि अरामी यांनाही त्याच ईश्वराने त्यांच्या मूळ भूमीतून आणले होते.

बेथेलच्या राजमंदिराचा पुरोहित अमस्या याने हे बोलणे राजद्रोह ठरवून यराबामाला कळविले आणि आमोसाला यहूदात परतून तेथेच पोट भरण्यास फर्मावले. आपण धंदेवाईक संदेष्टे नाही, एवढे सांगून आमोसाने आपले म्हणणे कायम ठेवले. सत्तेच्या आश्रयाला असलेल्या धर्मपीठांना असला पाहुणा कधीच मानवत नाही.

पुढे इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने शोमरोन जिंकले व तेथील अनेकांना देशोधडीला लावले. साम्राज्याची हाव हे त्याचे राजकीय कारण इतिहासकार देतील, आणि ते खोटे नाही. पण संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे. आतून पोखरलेल्या राज्याकडे तो बोट दाखवीत होता, आणि वागणूक बदला, तर निभावेल, अशी आशाही त्याने सोडली नव्हती.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या भाषणात न्यायाला दिलेली वाहत्या पाण्याची उपमा याच मेंढपाळाची. तेव्हा आरोपी होते ते त्यांचे स्वतःचेच राष्ट्र.