साष्टीचे इंग्रज पुराणिक

आमच्या तिगावात पोथी म्हटली की ओवी आलीच. कचेरीचा कागद हिंदीत, बाजारात अर्धी हिंदी अर्धी मराठी. पण देवाशी बोलायचं ते मराठीतच. म्हणूनच असेल, फादर थॉमस स्टीफन्स मला फार जवळचे वाटतात. आपल्या मंडळात पुष्कळांना ते परीक्षेपुरते ठाऊक आहेत: ख्रिस्तपुराण, १६१६, संपलं.

स्टीफन्स इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्याचे, जन्म १५४९ च्या सुमाराचा. त्या काळी तिथे कॅथलिक म्हणून राहणं धोक्याचं होतं. ते रोमला गेले, १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघाले ते ऑक्टोबरात गोव्याला पोचले. त्या प्रवासाची हकिकत त्यांनी वडिलांना पत्रातून कळवली.

पुढची चाळीस वर्षं गोव्यात गेली, त्यातली बहुतेक साष्टीत. १५८३ साली कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच येशूसंघीयांना ठार मारलं. तो राग उगाच नव्हता. पोर्तुगीज सत्तेनं त्या भागातली देवळं पाडली होती. स्टीफन्सही त्याच सत्तेच्या सावलीत काम करत होते, हे झाकून त्यांचं चरित्र सांगू नये असं मला वाटतं. पण त्याच वर्षी त्यांनी भावाला लिहिलं, ते इथल्या भाषांबद्दल: त्यांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते म्हणून. विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षं आधी!

नवख्रिस्ती झालेल्यांच्या जुन्या पोथ्या सुटल्या होत्या. पुराणाच्या आरंभीच असा एक श्रोता येतो. धर्मशिक्षण ठीक आहे, पण आमची पुराणं बंद केलीत, तर त्यांच्याजागी दुसरं एखादं का देत नाही, असं तो विचारतो. प्रश्न अडचणीचाच आहे. स्टीफन्सनी तो टाळला नाही, ग्रंथाच्या तोंडाशीच मांडला. आणि उत्तर म्हणून अकरा हजारांच्या आसपास ओव्या लिहिल्या, जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंत. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटलं.

या एका शब्दापाशी मी बराच अडखळलो. शास्त्र लॅटिनमध्ये शिकलेल्या माणसाला ते साष्टीच्या शेतकऱ्याच्या कानानं पुन्हा ऐकावं लागलं असणार, त्याशिवाय हा शब्द सुचत नाही. उपवासकाळात मी रोज थोड्या ओव्या मोठ्यानं वाचतो. मुक्यानं वाचलं की कथा कळते; मोठ्यानं वाचलं की मरियेच्या दुःखापाशी आवाज आपोआप खाली येतो. शुभवर्तमानातला तोच भाग मी आधी कितीदा वाचला होता, पण इतका थांबलो नव्हतो.

पुराण देवनागरीत छापावं ही स्टीफन्स यांची इच्छा होती. खिळे मिळाले नाहीत. राचोलला ते रोमन अक्षरांत छापलं गेलं. १६१९ साली ते वारले. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छपाई झाली, पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. लोकांनी हातानं उतरवून घेतलं म्हणून पुराण उरलं. १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं, तेही रोमनमध्येच. देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलूंनी काढली ती १९५६ साली, पुण्याला.