फादर स्टीफन्स आणि मराठी ओवी

वेणा नदीकांठच्या आमच्या हिंगणघाटांत पूर्वीं पहांटेस घरोघर जात्याची घरघर ऐकूं येई आणि तिच्यासवें ओवीचे सूर. जात्यावरील ही ओवी व ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ग्रंथांतील ओवी या एकाच घरच्या होत. तिचें सामर्थ्य केवढें आहे, हें एका परदेशी पुरुषाच्या चरित्रावरून आम्हांस कळतें.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत सुमारें १५४९ सालीं झाला. जेझुइट संघांत दाखल होऊन ते २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास पोहोंचले व पुढील सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं बहुतेक साष्टी प्रांतांत घालविलीं. तो काळ कठीण होता. पोर्तुगीज सत्तेनें देवळें पाडलीं होतीं. जुन्या पोथ्या लोकांच्या हातून गेल्या होत्या. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें क्षुब्ध ग्रामस्थांच्या हातून पांच जेझुइट मारले गेले.

लोकांचा धर्म पालटला, परंतु पुराणश्रवणाची त्यांची गोडी पालटली नाहीं. स्टीफन्स यांनीं हें ओळखलें. त्यांनीं मराठी व कोंकणी या भाषांचा कसून अभ्यास केला आणि बायबलांतील कथा ओवीबद्ध केल्या. त्यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथांत स्वर्गास वैकुंठ हेंच नांव आहे. शिकवावयास आलेल्या पाद्र्यांस प्रथम या भूमीचें शिष्य व्हावें लागलें, तें असें.

१६१९ सालीं ते निवर्तले. १६८४ सालीं गोवें सरकारनें लोकांनीं आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. तथापि ओवी मेली नाहीं. भाविकांनीं हातानें उतरलेल्या प्रती जपल्या. मंगळूरकडील अशाच प्रतींवरून १९०७ सालीं ग्रंथ पुन्हां छापला गेला व १९५६ सालीं तो देवनागरींत आला.

आतां जातीं अडगळींत गेलीं आहेत. म्हणून आमची विद्यार्थ्यांस विनंति अशी कीं, सुटींत आजीजवळ बसून तिच्या स्मरणांत असतील तितक्या ओव्या वहींत उतरून घ्याव्या. आणि पालकांनीं त्यासाठीं मुलांस सवड द्यावी. क्रिस्तपुराण अशाच हातांनीं वांचलें.