लक्ष्मणरावांची सायकल

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या भागांतील मुलांना वाहनांचे फारसे अप्रूप वाटत नाही. कारखान्यांच्या फाटकांतून बाहेर पडणाऱ्या नव्या कोऱ्या मोटारी त्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या असतात. रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या साध्या सायकलीकडे तर कोणी मान वळवूनही पाहत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावर एका तरुणाने अशीच एक सायकल पाहिली, आणि त्याच्या आयुष्याची वाटच बदलली. तो तरुण म्हणजे लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमत नसे. चित्रे आणि यंत्रे यांचे मात्र त्यांना वेड होते. थोरले बंधू रामचंद्रपंत ऊर्फ रामूअण्णा यांच्या आधाराने १८८५ साली ते मुंबईस आले व जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षे गेली, आणि एक विपरीत गोष्ट ध्यानात आली. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना नीट उमजत नसे. ज्याला चित्रकार व्हावयाचे आहे, त्याच्यावर याहून मोठे संकट ते कोणते यावे? लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्राची आकृती काढावयास रंगाची गरज नसते. माप अचूक असले म्हणजे झाले. ती विद्या त्यांनी हस्तगत केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्थेत ते यंत्रांची रेखाकृती शिकवू लागले. शिकवणे संपले की त्यांचा मुक्काम संस्थेच्या कर्मशाळेत असे.

याच दिवसांत त्यांना एक गृहस्थ सायकलवरून जाताना दिसले. त्या काळी सायकल ही वस्तूच नवी होती. तिचे पूर्वीचे रूप मोठे विचित्र होते : पुढचे चाक पुरुषभर उंच, मागचे अगदी चिमुकले, आणि बसणारा पडला की डोक्यावरच आपटावयाचा. १८८५ साली इंग्लंडात स्टार्ली नावाच्या कारागिराने सारख्या उंचीच्या दोन चाकांची, साखळीने मागचे चाक फिरविणारी सायकल बाजारात आणली. तीन वर्षांनी डनलॉप यांनी हवा भरलेली रबरी धाव शोधून काढली. हे नवे वाहन जहाजांतून मुंबईस येऊ लागले होते. दोन चाकांवर माणूस तोल कसा सावरतो, याचे लोकांना नवल वाटे. वास्तविक त्यात जादू काही नाही. अंग डावीकडे झुकले की स्वार पुढचे चाक किंचित डावीकडे वळवितो, आणि चाके पुन्हा त्याच्या अंगाखाली येतात. ही किमया हाताला एकदा साधली की जन्मभर विसरत नाही.

नुसते नवल करून घरी परतणे लक्ष्मणरावांच्या स्वभावात नव्हते. ते स्वतः सायकल चालविण्यास शिकले. तिचा प्रत्येक भाग सुटा करून पुन्हा जोडण्यात त्यांना गोडी वाटू लागली. मग दोघा भावांनी बेत केला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात. १८८८ साली बेळगावात त्यांचे छोटेसे दुकान सुरू झाले. एका सायकलीस सातशेपासून हजार रुपयांपर्यंत किंमत पडे. साध्या कारकुनाला तिचे स्वप्नही परवडणारे नव्हते. गिऱ्हाईक असे ते साहेबांचे आणि श्रीमंतांचे. सायकल चालवावयास शिकविण्याचे पंधरा रुपये निराळे! मोडलेली सायकल दुरुस्त करण्याचे कामही तेथेच होई, आणि माझ्या मते लक्ष्मणरावांची खरी शाळा भरली ती या दुरुस्तीच्या कामात. साहेबाच्या देशातून आलेले यंत्र आपल्या हातांनी उघडता येते व नीट करता येते, हे त्यांना तेथे पुरते कळून चुकले.

इकडे संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी १८९७ च्या सुमारास नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावास येऊन राहिले. महिन्याचा बांधलेला पगार गेला होता, आणि हाताशी ते सायकलींचे दुकान तेवढे होते.

दुरुस्ती करणारा हात आता नवे यंत्र घडवू लागला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला. परंतु हे गिऱ्हाईक वेगळे होते. सायकल घेणारा शौकीन असे. नांगर घेणारा शेतकरी बहुधा कर्जात बुडालेला. वाडवडिलांचा लाकडी नांगर टाकून नवा घ्यावा, आणि पीक बुडाले तर? लोखंडाने जमीन विषारी होते, असाही समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. दोन वर्षे न विकलेला माल रोज डोळ्यांसमोर ठेवून पुढचा माल घडवीत राहणे किती कठीण असेल, याची कल्पना करून पाहा.

धंदा कुठे रुळू लागला, तोच बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा हवीशी झाली. पुन्हा सारे उठविणे आले. या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. ते स्वतः चित्रकार होते, आणि लक्ष्मणरावांची पारख त्यांना होती. कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन व दहा हजार रुपये कर्जाऊ त्यांनी दिले. १९१० साली निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले. १९४६ साली किर्लोस्करांचा तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना पुण्याजवळ खडकीस सुरू झाला. खडकीहून मुळा नदी ओलांडली की दापोडी लागते आणि तेथून पिंपरी-चिंचवडची हद्द सुरू होते. तेव्हा तिकडे शेते होती. पिंपरीचा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. चाकणचे कारखाने तर त्याच्याही पुष्कळ नंतरचे. पुढे कित्येक वर्षे या भागातील कामगार पाळीवर जात, ते सायकलीवरूनच.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारताच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. बेळगावात ज्या रस्त्यावर दोघा भावांचे सायकलींचे दुकान होते, त्या रस्त्यास लोक किर्लोस्कर रोड म्हणतात.