ठाण्यातील एकाकी सेवक जॉर्डानस

ठाण्याहून कल्याणास आगगाडीने जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल की, पोर्तुगीज लोक ह्या किनाऱ्यावर येण्याच्या कितीतरी आधीपासून ह्या भागात ख्रिस्ती लोक राहत होते. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या ग्रंथात लिहिले आहे की, कल्लियाना येथे एक बिशप असून त्यांची नेमणूक इराणातून होत असे. ते ठिकाण म्हणजे आपले कल्याणच, असे बहुतेक विद्वान मानतात. ही पूर्वेकडील मंडळी सिरियन भाषेत उपासना करी. पाश्चात्य लोक तिला नेस्तोरियन म्हणत. हिच्याच शाखा मध्य आशियात समरकंदापर्यंत व पुढे चीनपर्यंत पसरल्या होत्या.

ह्याच मंडळीची पंधरा घरे इ. स. १३२१ साली ठाण्यात होती, आणि त्यांच्याच दारी आमच्या चरित्रनायकाने आश्रय घेतला. जॉर्डानस कातालानी हे फ्रान्स देशाच्या दक्षिण भागातील, डोमिनिकन संघाचे. इराणातील तब्रीझ येथे काही काळ राहिल्यावर ते फ्रान्सिस्कन संघाच्या चार बंधूंसह होर्मुझ बंदरातून निघाले. तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमेत्रियस, अशी त्या चौघांची नावे. दिमेत्रियस अनेक भाषा जाणणारे होते. सर्वांस कोल्लमास जावयाचे होते, परंतु जहाज त्यांस त्यांच्या मनाविरुद्ध ठाण्यास घेऊन आले.

जॉर्डानस ह्यांस फारसी चांगली येत असे. म्हणून तेथील ख्रिस्ती लोकांनी त्यांस विनंती केली की, भडोच व सोपारा ह्या भागांत नावाचेच ख्रिस्ती राहिलेले लोक आहेत, त्यांस जाऊन शिकवावे. ते निघाले, आणि म्हणूनच ते वाचले. मागे ठाण्यात यजमानाच्या घरी नवराबायकोचे भांडण झाले. नवऱ्याने मारले म्हणून बायको काजीकडे गेली, आणि पाहुणे साक्षीस बोलाविले गेले. घरगुती तंट्याची चौकशी धर्माच्या वादावर गेली. थॉमस ह्यांस मुसलमानांच्या पैगंबराविषयी विचारले असता त्यांनी अतिशय कठोर उत्तर दिले. धैर्य निराळे आणि शब्दांची निवड निराळी, असे आम्हांस येथे वाटल्यावाचून राहत नाही. अधिकाऱ्याने प्रथम त्यांस सोडून खाडीपलीकडे पोहोचविले. तेथे एका हिंदू गृहस्थाने त्यांस घरात घेतले. परंतु काजीच्या आग्रहावरून माणसे पाठविण्यात आली, आणि ९ एप्रिल रोजी तिघांचा वध झाला. सामान राखण्यास घरी राहिलेले पीटर दोन दिवसांनी मारले गेले. दिल्लीच्या सुलतानाने पुढे त्या अधिकाऱ्यास देहान्त शिक्षा दिली, असे ओडोरिक नावाच्या प्रवाशाने लिहिले आहे.

वर्तमान ऐकून जॉर्डानस परतले. ठाण्यात भेटलेल्या जिनोवा शहरच्या एका तरुणाच्या साहाय्याने त्यांनी सोबत्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले.

आता ते एकटेच राहिले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबर रोजी त्यांनी गुजराथेतील घोघा येथून इराणातील आपल्या बंधूंस पत्र लिहिले, आणि पुढे ठाण्याहून दुसरे. त्या पत्रांवरून त्यांची स्थिती कळते. चाचे लोकांनी त्यांस धरले, तुरुंगवास घडला, आजाराने शरीर खंगले, आणि संघाचा झगा जाऊन अंगावर केवळ एक सदरा उरला. तरी पत्रांत मागणी आहे ती अधिक सेवकांची. भडोचेकडे सुमारे नव्वद जणांस आणि ठाणे व सोपारा ह्यांच्या दरम्यान पस्तीस जणांस बाप्तिस्मा दिल्याचा हिशेबही त्यांत आहे. जे उपदेशक एकेकटे दूरच्या खेड्यांत राहतात, त्यांस ह्या लहान आकड्यांचे वजन समजेल.

युरोपात परतल्यावर त्यांनी लॅटिन भाषेत पूर्वेकडील देशांचे वर्णन लिहिले. त्यात आंबा आहे, फणस आहे, नारळ आहे. आणि मृतदेह छप्पर नसलेल्या मनोऱ्यात पक्ष्यांपुढे ठेवणारे अग्निपूजक, म्हणजे आपले पारशी, हेही आहेत. येथील जुन्या ख्रिस्ती लोकांविषयी मात्र त्यांनी लिहिले की, ते ख्रिस्ती नव्हेतच, त्यांस बाप्तिस्मा ठाऊक नाही. ज्या लोकांनी परक्या देशी निवारा दिला, त्यांच्याविषयी हे मत आम्हांस कडक वाटते. शेकडो वर्षे उपदेशकाविना राहिलेल्या मंडळीचे विस्मरण कोणाच्या माथी मारावे?

इ. स. १३२९ च्या ऑगस्ट महिन्यात पोप बाविसावे जॉन ह्यांनी त्यांस कोल्लमचे बिशप नेमिले. त्याच वर्षी समरकंदासाठी थॉमस द मांकासोला हे बिशप झाले. इराणातील सुलतानिया येथील आर्चबिशपांस त्यांचे पदवस्त्र नेऊन देण्याचे काम ह्या दोघांकडे सोपविण्यात आले. कारण कोल्लम त्याच प्रांतात मोडत असे. कोल्लमच्या नसराणी लोकांस उद्देशून पोपचे पत्रही जॉर्डानस ह्यांच्याकडे होते.

सोपाऱ्यास पुरलेल्या त्या बंधूंच्या अस्थी ओडोरिकने काही वर्षांतच उकरून जहाजाने चीन देशातील झैतून बंदरास नेल्या. इ. स. १३४८ च्या सुमारास मारिन्योली नावाचे पोपचे वकील चीनहून परत येताना कोल्लमास उतरले. तेथे त्यांस लॅटिन पंथाचे, संत जॉर्ज ह्यांच्या नावाचे उपासनामंदिर दिसले. मिरीचा व्यापार तेव्हा तेथील ख्रिस्ती लोकांच्याच हाती होता. मारिन्योली वर्षाहून अधिक काळ तेथे राहिले, लोकांस शिकविले, आणि मंदिराच्या भिंतींवर चित्रे काढवून घेतली.