क्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

या महोत्सवी अंकांत एखाद्या थोर पुरुषाचें चरित्र असावें असें मंडळींचें म्हणणें पडलें, व तें लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें. संतांचीं चरित्रें आपल्या घरोघरीं वाचलीं जातात. म्हणून, ज्यांचें नांव संतांच्या मालिकेंत नाहीं, परंतु मराठींतून प्रार्थना करणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती मनुष्यावर ज्यांचे उपकार आहेत, अशा एका धर्मगुरूची निवड आम्हीं केली आहे. नीरेच्या कांठीं व तोरण्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आपणांस गोवा दूरचा वाटेल, आणि इंग्लंड तर त्याहूनही दूर. परंतु आपल्या तोंडच्या भाषेंत ख्रिस्तकथा ज्यांनीं पहिल्यानें इतक्या विस्तारानें गाइली, ते फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडांत जन्मले व गोव्यांत वारले. त्यांचा ग्रंथ छापून निघाला तेव्हां शिवछत्रपतींचा जन्म व्हावयास अद्याप चौदा वर्षें होतीं.

इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुश्टन नांवाचें एक खेडें आहे. तेथें इसवी सन १५४९ च्या सुमारास स्टीफन्स यांचा जन्म झाला. वडील लंडनचे व्यापारी होते. थॉमस दहा वर्षांचे असतील तोंच, १५५९ सालीं, एलिझाबेथ राणीच्या सरकारानें मिस्साबलिदानास कायद्यानें बंदी केली. जो धर्म आजापणजांनीं उघडपणें आचरला, तो आतां दारें लावून, आवाज दाबून आचरावा लागूं लागला. पुष्कळांनीं मनांत एक व जनांत एक असें दुहेरी जिणें पत्करलें. त्यांना नांवें ठेवणें सोपें आहे; पण दंड व तुरुंग ज्यांच्या दाराशीं आले नाहींत, अशा आपण तें न केलेलें बरें.

तरुण स्टीफन्स यांना मात्र तसें जिणें मानवेना. थॉमस पाउंड नांवाचे एक श्रीमंत गृहस्थ होते. त्यांच्या सेवकाच्या नात्यानें स्टीफन्स राहूं लागले. उभयतांनीं रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करण्याचा बेत केला. निघण्याची तयारी झाली, आणि पाउंड पकडले गेले. त्यांचीं पुढचीं जवळजवळ तीस वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच निघाले, रोमला पोहोंचले, व १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले. तेथें गेल्यावर ते आपल्या सोबत्यास विसरले नाहींत. पाउंड यांना तुरुंगांत असतांच संघाचे सभासद करून घ्यावें, अशी विनंती त्यांनीं वरिष्ठांकडे केली व ती १५७८ सालीं मान्य झाली. या माणसाचा स्वभाव ओळखावयास एवढी एक गोष्ट आम्हांला पुरेशी वाटते.

१५७९ च्या एप्रिलच्या ४ तारखेस लिस्बनहून पांच जहाजें हिंदुस्थानाकडे निघालीं, त्यांत स्टीफन्स होते. गोव्यास पोहोंचावयास २४ ऑक्टोबर उजाडला. या साडेसहा महिन्यांची हकीकत त्यांनीं वडिलांस पत्रानें कळविली आहे. हिरड्या सुजल्या, पाय सुजले, माणसें अंथरुणास खिळलीं. त्यांच्या जहाजावर दीडशेंच्या वर लोक आजारी पडले व सत्तावीस मेले. त्या काळच्या मानानें ही हानि थोडी समजत. पत्रांत स्वतःच्या हालांचा पाढा नाहीं. वारे, प्रवाह, पक्षी, मासे यांचीच माहिती अधिक आहे. जें दिसलें तें जसेंच्या तसें पाहण्याची त्यांची ही दृष्टि पुढें भाषेच्या बाबतींत फार उपयोगीं पडली.

गोव्यास आल्यावर लौकरच त्यांना गुरुदीक्षा मिळाली व साष्टी प्रांतांत त्यांची नेमणूक झाली. ही गोव्याची साष्टी, मुंबईजवळची नव्हे. पुढचीं बहुतेक चाळीस वर्षें त्यांनीं याच भागांत काढलीं.

साष्टींत त्यांच्यापुढें काय वाढून ठेवलें होतें, हें आपण नीट समजून घेतलें पाहिजे. हा मुलूख १५४३ सालीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत आला. १५६७ सालीं तेथील देवळें पाडण्यांत आलीं. जुन्या पोथ्या बाळगण्यास मनाई झाली. पुष्कळ लोक खऱ्या श्रद्धेनें ख्रिस्ती झाले, कांहीं लाभासाठीं झाले, व कांहीं भीतीनें. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळी येथें लोकांचा क्षोभ उसळला, आणि फादर रुडॉल्फ अक्वाव्हिव्हा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. फादर रुडॉल्फ हे नुकतेच अकबर बादशहाच्या दरबारांतून परतले होते. या पांचांना ख्रिस्तसभेनें १८९३ सालीं धन्यवादित ठरविलें, हें आपणांस माहीत आहे. पुढची गोष्ट आपल्या पुस्तकांत सहसा नसते: त्यानंतर कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांतील प्रमुखांना बोलणीं करण्याच्या निमित्तानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं ठार केलें. धर्माच्या नांवाला शोभणारें हें कृत्य नव्हतें. महोत्सवाचा अंक झाला म्हणून तें झांकून ठेवावें असें आम्हांस वाटत नाहीं.

कुंकळ्ळीच्या त्या पांच देहांचें दफन करण्याचें काम स्टीफन्स यांच्याकडे आलें. ज्या मनुष्यानें स्वदेशीं सरकारच्या बळावर लोकांचा धर्म बदलतांना पाहिला होता, ज्याला त्यापायीं घर सोडावें लागलें होतें, तो आतां अशा प्रांतांत उभा होता कीं जेथें सरकारनेंच लोकांचीं देवळें पाडलीं होतीं. हें साम्य कोणाही वाचकाच्या लक्षांत यावें असें आहे. सरकारी धोरण बदलणें स्टीफन्स यांच्या हातीं नव्हतें. हातीं होतें तें इतकेंच कीं, लोकांची भाषा शिकावी व आपली श्रद्धा त्यांना त्यांच्या शब्दांत समजावून द्यावी. तेंच काम त्यांनीं धरलें.

तेंही एकदम नव्हे. उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशीं सबंध बायबल वाचून काढण्याचा संकल्प करणारे व उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायांतील वंशावळीशीं अडून बसणारे भाविक आम्हांस ठाऊक आहेत. वेल्ह्याहून तोरणा चढणारास बिनी दरवाजा आधीं गांठावा लागतो, कोठी दरवाजा त्यानंतर. स्टीफन्स यांची चाल तशी होती. प्रथम त्यांनीं साष्टीच्या घरांत व शेतांत बोलली जाणारी कोंकणी कानांत घेतली. गोव्यास येऊन चारच वर्षें झालीं असतां, १५८३ च्या ऑक्टोबरांत, त्यांनीं पॅरिस येथें असलेल्या आपल्या भावास लिहिलें कीं, या देशच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे. सर विल्यम जोन्स यांनीं हाच विचार कलकत्त्यास मांडून कीर्ति मिळविली, ती १७८६ सालीं, म्हणजे दोनशें वर्षांनीं. स्टीफन्स यांनीं मात्र त्यावर मोठा ग्रंथ रचण्याचा खटाटोप केला नाहीं. त्यांना व्याकरण हवें होतें तें नव्यानें येणाऱ्या धर्मगुरूंना पापनिवेदन ऐकतां यावें व उपदेश करतां यावा म्हणून. तें त्यांनीं लिहिलें, आणि मुलांसाठीं कोंकणींत प्रश्नोत्तरांचें धर्मशिक्षणाचें पुस्तकही तयार केलें. दोन्ही पुस्तकें त्यांच्या मरणानंतर रायतूर येथें छापलीं गेलीं, धर्मशिक्षणाचें १६२२ सालीं व व्याकरण १६४० सालीं.

येथें त्यांच्या आणखी एका गुणाचा उल्लेख केला पाहिजे. १५८० पासून पोर्तुगालचें राज्य स्पेनच्या राजाकडे गेलें होतें, आणि स्पेन व इंग्लंड यांचें हाडवैर. गोव्यांत इंग्रज असणें ही मिरविण्याची गोष्ट नव्हती. तरी १५८३ च्या अखेरीस न्यूबेरी, फिच वगैरे चार इंग्रज हेर असल्याच्या संशयावरून गोव्याच्या तुरुंगांत पडले, तेव्हां स्टीफन्स यांनीं आपलें इंग्रजपण लपविलें नाहीं. त्यांच्या सुटकेसाठीं खटपट केली व ते सुटले. पुढें मदुरेस फादर दे नोबिली यांनीं संन्याशाचा वेष घेतला. त्यांची तपश्चर्या मोठी होती व आम्ही त्यांना उणें लेखीत नाहीं. स्टीफन्स यांचा मार्ग निराळा होता. परदेशांतून आलेला, वयाच्या तिशींत मराठीचीं अक्षरें गिरविणारा पाद्री, हीच त्यांची ओळख होती व तीच त्यांनीं शेवटपर्यंत ठेवली. आपण शिकणारे आहों हें ज्यानें मान्य केलें, त्याला शिकविणारे भेटतात. स्टीफन्स यांना साष्टीच्या गांवोगांवीं ते भेटले.

कोंकणी साधली. परंतु गोव्यांतील लोक घरीं कोंकणी बोलत, तरी पुराण ऐकावयाचें तें मराठींत. पैठणास एकनाथ महाराजांनीं ज्ञानेश्वरी शुद्ध करून तिची प्रत सिद्ध केली, तीही याच काळांत, १५८४ सालीं. ओवीचा नाद साष्टीच्या लोकांच्याही कानांत होता. क्रिस्तपुराणाच्या आरंभीं स्टीफन्स यांनीं एक प्रसंग घातला आहे. रविवारीं मुलांची धर्मशिकवण चालली असतां एक ब्राह्मण पुढें येतो व विनयानें गाऱ्हाणें मांडतो: शिकवण उत्तम आहे, पण आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, त्यांच्या जागीं ऐकावयास कांहीं दिलें नाहीं, तर तसें एखादें पुराण आम्हांला कां देऊं नये? या मागणींत एका समाजाचें सबंध दुःख आहे. देऊळ गेलें, पोथी गेली, संध्याकाळचें श्रवण गेलें, आणि त्या रिकाम्या जागीं परकी भाषेंतील घोकंपट्टी आली. गाऱ्हाणें खरें आहे हें पाद्रीसाहेबांनीं मनापासून मानलें, म्हणून ग्रंथ झाला.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा छत्तीस अध्यायांत आहे; दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र एकोणसाठ अध्यायांत आहे. अध्यायांना त्यांनीं अवस्वरु म्हटलें आहे. सर्व मिळून सुमारें अकरा हजार ओव्या होतात. भाषा मराठी, पण सामान्य बायाबापड्यांस कळावी म्हणून मधून मधून कोंकणी शब्द घातलेले आहेत. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यास ते कचरत नाहींत. मराठीच्या थोरवीवरील त्यांच्या ओव्या, ज्यांनीं सबंध ग्रंथ कधीं पाहिला नाहीं अशांनाही ठाऊक असतात. आम्हांस विशेष आवडतो तो दुसऱ्या पुराणांतील दुःखसहनाचा भाग. तेथें शब्द साधे होत जातात. मूर्तिपूजेवर त्यांनीं केलेली टीका मात्र आज वाचतांना खटकते. ती त्या काळाची भाषा आहे.

हा ग्रंथ नागरी अक्षरांत छापावा अशी स्टीफन्स यांची फार दिवसांची इच्छा होती. मलबाराकडे देशी लिपींत ख्रिस्ती पुस्तकें छापलीं गेलीं होतीं, त्यांचा दाखला त्यांच्यापुढें होता. १६०८ सालीं त्यांनीं रोमला संघाचे जनरल फादर क्लाउडिओ अक्वाव्हिव्हा यांना पत्र लिहून ही गोष्ट मांडली. हे जनरल कुंकळ्ळीस मारल्या गेलेल्या फादर रुडॉल्फ यांचे चुलते. अडचण अशी कीं, युरोपांत चोवीस अक्षरांवर भागतें, तर येथें काना, मात्रा व जोडाक्षरें धरून सुमारें सहाशें खिळे ओतावे लागणार, आणि त्याला वरिष्ठांचा हुकूम व आधार पाहिजे. खिळे झाले नाहींत. स्टीफन्स तेव्हां साठीच्या घरांत होते. खिळ्यांची वाट पाहत बसते, तर पोथी पेटींतच राहिली असती. त्यांनीं मराठी ओव्या रोमन अक्षरांत लिहून काढल्या, आणि १६१६ सालीं रायतूरच्या छापखान्यांतून क्रिस्तपुराण बाहेर पडलें. ग्रंथकर्त्याचें वय तेव्हां सुमारें सदुसष्ट वर्षांचें होतें. गोव्यास येऊन सदतीस वर्षें झालीं होतीं.

तीन वर्षांनीं, १६१९ सालीं, गोव्यांतच त्यांचा अंत झाला.

पुढें १६४९ व १६५४ सालीं पुराण पुन्हां छापलें गेलें. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषांच्याच विरुद्ध हुकूम काढला. त्या तिन्ही छापील आवृत्तींची एकही प्रत आज मिळत नाहीं. ग्रंथ वांचला तो लोकांनीं हातानें उतरून घेतला म्हणून. गोवा सोडून कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्या वह्या बरोबर नेल्या व पिढ्यान् पिढ्या घराघरांत त्यांचें गायन केलें. टिपू सुलतानाच्या कैदेंत, १७८४ पासूनच्या पंधरा वर्षांत, त्यांच्या पूर्वजांना याच ओव्यांचा आधार होता असें तेथील परंपरा सांगते. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ सालीं मंगळूर येथें सालढाणा यांनीं ग्रंथ पुन्हां छापला, तोही रोमन अक्षरांतच. लंडनमध्यें मार्सडेन यांच्या संग्रहांत एक नागरी हस्तलिखितही सांपडलें. आपल्या देवळांत मिस्सा मराठींत होऊं लागली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ या वर्षांतील त्या परिषदेनें लोकभाषेस मोकळीक दिल्यावर. त्याच्या थोडेंच आधीं, १९५६ सालीं, शांताराम बंडेलू यांनीं संपादिलेलें क्रिस्तपुराण आपल्या जवळच्या पुण्यांत प्रसाद प्रकाशनानें प्रसिद्ध केलें. ज्या खिळ्यांसाठीं स्टीफन्स यांनीं रोमला पत्र धाडलें होतें, त्या नागरी खिळ्यांत तें छापलें आहे. पत्रास तोंवर तीनशें अठ्ठेचाळीस वर्षें झालीं होतीं.